रविवारी उभी राहू नको

प्रताप नगर, नागपूर
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय मनू,

प्रभूमध्ये तुले अन् रोशनीले सलाम. इकडं आम्ही ठीक. प्रेमलताचे गुडघे दुखतात, पण तुझी वहिनी एका जागी बसते थोडीच! कुहीले धान कापून झाला का? म्हणशील, दादाले आज पत्र काहून सुचलं? फोनवर तुझा आवाज ऐकला की मी भलतंच बोलतो, म्हणून.

काल रोशनीचा फोन आलता. म्हणे, "मामा, आई रविवारी चर्चमध्ये मंडळीसमोर साक्ष देणार आहे. मला म्हणते, माझा विश्वास कमी पडला म्हणून तुझे बाबा गेले." मी "बरं" म्हटलं अन् फोन ठेवला. बरं म्हटलं वं मी!

हे तुझ्या डोक्यात भरवलं कोणी? मीच. जावईबुवा नत्थूजींच्या मातीच्या दिवशी तू विचारलं, "दादा, प्रभूनं तर तुले सांगितलं होतं ना?" सारी मंडळी ऐकून राहिली होती, अन् मी मंडळीचा वडील, पुढारी माणूस! म्हणून बोलून गेलो, "कुठंतरी विश्वास कमी पडला असंल." तू मान खाली घातली. पाच महिने झाले, ती वर आली नाही.

आता खरं ऐक. त्यांच्यासाठी ठेवलेल्या उपास-प्रार्थनेच्या तिसऱ्या दिवशी तीस माणसं माझ्या तोंडाकडं पाहून राहिली होती. मी डोळे मिटले. मले काहीच ऐकू आलं नाही, मनू. पंख्याचा आवाज तेवढा. "देवा, मले कळत नाही," एवढंच म्हणायचं होतं, पण लाज वाटली. म्हणून सांगून टाकलं, "प्रभू म्हणतो, नत्थूजी बरे झाले."

ते बिचारे नंतर माझ्याजवळ आले. "भाऊ, मग बुधवारी रामदासपेठेत डायलिसिसले जाऊ का नको?" मी म्हटलं, "मशीनवर गेले तर तो अविश्वास ठरंल." नवव्या दिवशी ते गेले.

देवाच्या मनातलं देवालेच ठाऊक, हे मी वीस वर्षं लोकांले शिकवलं, अन् स्वतः त्याच्या खुर्चीत जाऊन बसलो. डॉक्टरची अक्कलही त्यानंच दिलेली, हे मले सुचलं नाही. आता गुडघे टेकतो. तो ऐकत असंल का, तेही माहीत नाही.

तुझा विश्वास कमी नव्हता वं. तू माझ्यावर ठेवला, तिथंच घात झाला. माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, अन् मी सुटलो म्हणून घरी येईन.

रविवारी तू उभी राहू नको. मी कुहीले येतो, मीच उभा राहतो. पण माणसं समोर बसली की माझी जीभ कशी फिरते, ते तू पाहिलंच आहे. म्हणून हे पत्र जवळ ठेव. मी तिथं दुसरंच काही बोलायले लागलो तर मले खाली बसव, अन् हे सगळ्यांले वाचून दाखव.

दादा लिहायची हिंमत होत नाही.

शालिकराम