बाईंच्या गावची समुद्रकाठची बाग

बाई, तुमच्या गावची बाग मी पाहून आले. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण हे सांगावं असं दुसरं कुणी मला आठवेना.

तुम्ही एटापल्लीच्या शाळेत आलात तेव्हा आम्हा पोरींपैकी कुणीच समुद्र पाहिलेला नव्हता. तुमच्या खोलीत स्टोव्हवर भात शिजतोय, मी उंबऱ्यात मोहफुलं निवडत बसले आहे आणि तुम्ही सांगताय, की तिथे आधी गलबतांचा माल उतरायचा. गलबतं यायची थांबली, धक्का ओस पडला. मग गावानं बाग करायचं ठरवलं, पण वाळूत काही जगेना, म्हणून बायकांनी आपापल्या परसातली माती टोपल्यांनी नेऊन टाकली. तुमच्या आईनेही. मी त्या बागेचं चित्र काढलं तर तुम्ही रागावलात. समुद्राजवळ झाडं अशी ताठ उभी राहत नाहीत, म्हणालात. मी विचारलं, "बाई, तुमी गावाले काऊन जात नाई?"

तुम्ही स्टोव्हची वात बारीक केलीत. "जाईन गं. पण उतरायचं कुणाकडे?"

त्यानंतर मी तो विषय काढला नाही. तुम्ही शेवटपर्यंत आमच्यातच राहिलात, आणि खांदा द्यायलाही आमच्याच गल्लीतले लोक होते.

यंदा मुलाची बदली तिकडे झाली, म्हणून चार दिवस गेले होते. निघायच्या दिवशी मला बागेत सोडून तो कामावर गेला. सुरूची झाडं खरंच गावाकडे झुकलेली आहेत. धक्क्याच्या जुन्या दगडांवर बसून लोक चणे खातात, तगरीच्या पानांवर बारीक वाळू बसते, एक आजोबा नातीला झोके देत होते. सगळं इतकं छान, आणि "पाहा ना" म्हणायला शेजारी कुणी नाही. आमचे हे गेल्यापासून माझं असंच होतं.

बाकावर माझ्याच वयाची एक बाई येऊन बसली. तुमचं घर तिला ठाऊक नव्हतं. मातीचं मात्र ठाऊक होतं. तिच्या आजीनंही टाकली होती म्हणे. मग बराच वेळ आम्ही दोघी समुद्र पाहत बसलो. मी उठले तेव्हा ती म्हणाली, "उद्या याल ना? मी रोज इथेच असते."

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? तुमच्याजवळ सांगते, एवढंच. माझी गाडी त्याच संध्याकाळची होती, बाई. तरी मी तिला म्हणाले, "येते."