मावशीचे कान आणि माझा अभ्यास

३ फेब्रुवारी
लेकीचा पहिला स्वतंत्र गाण्याचा कार्यक्रम शनिवारी. बायको आधीच तिकडे. मी आणि मावशी विमानाने. लेकीला गाणं मावशीनेच शिकवलं. पण या वयात तिला एकटीला कसं पाठवायचं? मी आहेच सोबत. केबिन प्रेशरवर तीन व्हिडिओ पाहिले. विषय संपला.

४ फेब्रुवारी
मावशीला सर्दी. कानाच्या डॉक्टरांचा फोन. म्हणे विमान उतरताना केबिनमधला दाब वाढतो. चोंदलेल्या नाकाने कान मोकळे होत नाहीत, पडदा आत ओढला जातो. बसची तिकिटं थेट कार्यक्रमानंतरचीच उरलीत. म्हणाले, त्यांना राहू द्या, तुम्ही एकटे जा.
एकटा? मावशीला टाकून? मन होईना. तिला काही सांगितलं नाही. उगाच घाबरायची.

६ फेब्रुवारी, विमानात
मावशीला समजावलं: इथली हवा उंच डोंगरावरच्याइतकी विरळ, त्यामुळे पोटातला गॅस फुगतो. ती म्हणाली, मग निघताना दोन वाट्या चणे कशाला हाणलेस? पट्टा दोन भोकं सैल केला. ती घाबरलेली वाटली, म्हणून तिचा हात घट्ट धरून बसलो. तिची अंगठी माझ्या तळव्यात उमटली आहे.

संध्याकाळी
उतरताना तिचे कान ठणकले. नाक दाबून फुंकर मार, जोरात, असं मीच सांगितलं. दोन्ही कान बंद. आता मावशी सारखं काय म्हणालास विचारते आणि बायको काय केलंस विचारते.

७ फेब्रुवारी
लेक अप्रतिम गायली, असं सगळे म्हणाले. मला फक्त मावशी दिसत होती. पहिल्या रांगेत, पोरीच्या ओठांवर नजर लावून, मांडीवर ताल धरून. किंचित मागे पडत होती. टाळ्या शेजारणीकडे बघून वाजवल्या. लोक माझं अभिनंदन करत होते. उद्या सगळं कबूल करणार. नक्की.

८ फेब्रुवारी
बहिऱ्या माणसापुढे कबुली ओरडून द्यावी लागते. भिंती पातळ आहेत. उद्या.

१० फेब्रुवारी
मावशीचा उजवा कान जरा उघडला. डाव्याला वेळ लागेल. तोवर विमान बंद. आज उजव्या कानाशी सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, माहीत आहे, डॉक्टरांनी मलाही फोन केला होता. मग आलीस कशाला? म्हणाली, मागच्या खेपेला तू विमानाच्या दारातून परत फिरलास. पोरीला बाप समोर हवा होता. मी काय, तिला रोज ऐकलीय.

११ फेब्रुवारी
बसने निघालो. खिडकी तिने मला दिली.