राहण्याची कारणं, आणि जाण्याचीही

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (पाठ धरली आहे, तेव्हा मनातल्या मनातच). भाऊजींचा खोकला आणि आईचा गुडघा कसा आहे? आपल्या गावच्या विद्यापीठाने मला बोलावलं आहे आणि शुक्रवारपर्यंत कळवायचं आहे, हे तुला माहीत आहेच. तर मी इथेच राहणार, हे पक्कं ठरलं आहे. का, ते सांगायला गेलो आणि तिथेच घोळ झाला.

इथल्या कचेरीने आम्हा परदेशी शास्त्रज्ञांना फॉर्म वाटले. राहणाऱ्यांना हिरवा, 'का राहता?' जाणाऱ्यांना पिवळा, 'का जाता?' खाली कारणांची यादी मात्र एकच (कागद वाचवला असेल). मी हिरवा भरला. शेजारच्या प्रयोगशाळेतल्या बुडबुडेवाल्याने (पाण्यातल्या बुडबुड्यांवर बारा वर्षं काढली आहेत, माझ्यासारखाच बाहेरचा) पिवळा भरला. दुसऱ्या दिवशी कारकूनबाईंनी दोघांना बोलावलं. आमच्या खुणा अगदी त्याच रकान्यांत होत्या, तेव्हा एकाने दुसऱ्याचं बघून लिहिलं असणार, असं त्यांचं म्हणणं. पन्नाशीतले दोन प्राध्यापक कॉपीच्या आरोपाखाली उभे, ताई.

मी समजावायला गेलो. विभागप्रमुख वर्षभर आमच्याकडे फिरकत नाहीत, म्हणून मी सुखात आहे. तो म्हणाला, म्हणूनच तर मी निघालो. माझ्या बुरशीच्या बश्यांना स्वतंत्र खोली मिळाली, तिथे दिवसभर कुणी येत नाही. त्यालाही तशीच मिळाली. तो महिना महिना कुणाशी बोललेला नाही. माझी बायको इथे रुळली. त्याचीही रुळली, इतकी की तो घरी असला काय नि नसला काय. मुलं इथलीच भाषा बोलतात, हे दोघेही एकदमच म्हणालो. बाईंनी पाणी दिलं. मग तो म्हणाला, तुझं ऐकून वाटतं, इथे बरं चाललंय की आपलं. आणि त्याने चक्क राजीनामा मागे घेतला. मला मात्र त्याचं जाण्याचं म्हणणं पटलं होतं, ते मी बोललो नाही. निघताना एक पिवळा फॉर्म तेवढा खिशात घातला (बाई पाठमोऱ्या होत्या).

बाकी ठीक. बुरशी जोमाने वाढते आहे. मी पक्का आहे, असं आईला सांग.

तुझा धाकटा

ता.क. आईला इतक्यात काही सांगू नकोस.

ता.क. २ : पिवळा फॉर्म भरला. सगळ्या खुणा त्याच. शेवटी 'इतर कारण' म्हणून एक ओळ रिकामी आहे. बावीस वर्षांत तुमच्यापैकी कुणी मला 'परत ये' म्हटलं नाही. माझ्या भल्यासाठीच, हे कळतं मला. पण शुक्रवारच्या आत फोन कर आणि एकदा म्हण, वरवरचं का होईना. त्या ओळीत मला तेवढंच लिहायचं आहे.