मठ्ठा, मंदाकिनी आणि अनुकंपी चेतासंस्था

नारायण पेठ, पुणे
सोमवार, दुपारचा चहा झाल्यावर

प्रिय श्रीनिवासराव,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. यातली विनंती काहीच नाही, विशेष मात्र पुष्कळ आहे, तेव्हा चष्मा पुसून बसा. आपला गुडघा काय म्हणतो? वाघोलीत पाण्याचे टँकर वेळेवर येतात ना? (येत नसणारच. तुम्ही तिकडे फ्लॅट घेतलात तेव्हाच मी बोललो होतो. असो.) इकडे आपली बहीण उत्तम आहे. तिचा नवरा, म्हणजे मी, त्याहून उत्तम. किंबहुना सध्या आख्ख्या पुण्यात माझ्याइतका शांत मनुष्य सापडणं अवघड आहे, आणि हे पत्र त्याच संदर्भात आहे.

यापुढे रविवारी येऊ नका, असा निरोप मी वल्लरीकरवी पाठवला आणि त्याचा आपल्याला राग आला, असं कळलं. भाचीच्या तोंडून मामाला असा निरोप मिळाल्यावर राग येणारच. मलाही आला असता, आणि मी तुमच्यासारखा गप्प बसलो नसतो. परंतु त्यामागे भक्कम शास्त्रीय कारण आहे. ते फोनवर सांगता येत नाही, कारण फोनवर तुमचा आवाज ऐकला की माझा आपोआप चढतो. म्हणून हा पत्राचा मार्ग.

मंदाकिनीला जिना चढताना दम लागू लागला, पावलं सुजू लागली, मग इको काढला आणि हृदयाचं पंपिंग कमी झाल्याचं निघालं, एवढं तुम्हाला वल्लरीने सांगितलं असेल. मूळ भानगड तिने सांगितलेली नाही, कारण डॉक्टरांना खोदून खोदून प्रश्न मीच विचारले. (डॉक्टर तनया वयाने आपल्या वल्लरीपेक्षाही लहान आहेत, पण मुलगी हुशार. माझ्या प्रश्नांपायी बाहेरची रांग जिन्यापर्यंत गेली, तरी चेहऱ्यावर आठी नाही.) तर भानगड अशी, की आपल्या अंगात अनुकंपी चेतासंस्था नावाचं मज्जातंतूंचं एक जाळं असतं. नाव मायाळू, स्वभाव मात्र चौकातल्या हवालदाराचा. रिक्षा अंगावर आली की हा शिट्टी फुंकतो. छाती धडधडते, रक्तदाब चढतो, पायात बळ येतं आणि आपण उडी मारून फुटपाथवर पोचतो. उत्तम सोय आहे. पण हृदय थकलं आणि रक्त कमी ढकलू लागलं, की मेंदूची समजूत होते की रिक्षाच अंगावर येते आहे. मग हवालदार दिवसरात्र शिट्टी फुंकतो. थकलेलं हृदय बिचारं आणखी पळतं. सुरुवातीला बरं वाटतं, पण त्या पळापळीनेच ते अधिक थकतं, मूत्रपिंडं मीठ-पाणी धरून ठेवतात, पावलं सुजतात, आणि मेंदू म्हणतो, बघा, मी म्हटलं नव्हतं! की पुन्हा शिट्टी. (मेंदूचा हा स्वभाव आपल्या परिचयाचा वाटला तर तो योगायोग समजावा.)

बरं, हे हृदयापाशीच थांबत नाही. याच जाळ्याच्या तारा प्लीहेत आणि हाडांच्या मगजातही गेलेल्या असतात, जिथे रोगाशी लढणाऱ्या पेशी तयार होतात आणि मुक्कामाला असतात. शिट्टी थांबेनाशी झाली की त्याही उगाच बाहेर पडतात, शत्रू कुठेच नाही म्हटल्यावर घरातच धुडगूस घालतात, हृदयालाही सूज आणतात. आणि खरोखरचा ताप-खोकला आला की ऐन वेळी ढिल्या पडतात. वय वाढतं तसा हा हवालदार निवृत्त होण्याऐवजी जास्तच शिट्ट्या मारतो, असंही डॉक्टर म्हणाल्या. (हे सांगताना त्या माझ्याकडे का पाहत होत्या, कळलं नाही.) मंदाकिनीला ज्या बीटा ब्लॉकर नावाच्या गोळ्या दिल्या आहेत, त्या म्हणजे त्या शिट्टीत घातलेला बोळा.

शेवटी डॉक्टरांनी विचारलं, घरी ताणतणाव वगैरे काही नाही ना? यावर वल्लरीला हसू फुटलं आणि मंदाकिनी पर्स उघडून त्यात नसलेलं काहीतरी शोधू लागली. मी समजायचं ते समजलो. माझा आवाज जरा मोठा आहे, मला चुकीच्या गोष्टी खपत नाहीत, आणि या शहरात चुकीच्या गोष्टींना तोटा नाही. तिथल्या तिथे मी जाहीर केलं, की आजपासून आमच्या घरात वाद बंद. डॉक्टर म्हणाल्या, तेवढं नाही केलंत तरी चालेल काका, गोळ्या तेवढ्या वेळेवर द्या. पण मी एकदा मनावर घेतलं की घेतलं.

वल्लरीने आईच्या मनगटावर एक घड्याळ बांधलं आहे. त्यात नाडीचे ठोके दिसतात आणि तेच ठोके तिकडे बाणेरला वल्लरीच्या फोनवरही उमटतात. म्हणजे माझ्या शांततेचा परिणाम मोजण्याची सोय झाली. दुसऱ्याच दिवशी वरच्या मजल्यावरच्या सौमित्रच्या कुंड्यांचं पाणी माझ्या वाळत घातलेल्या सदऱ्यावर पडलं. एरवी मी गॅलरीतून काय बोललो असतो ते तुम्हाला ठाऊक आहे. या वेळी वर पाहून हसलो आणि म्हणालो, असू द्या, झाडांनाही पाणी लागतंच. संध्याकाळी सौमित्र बायकोला घेऊन खाली आला, हातात मोसंबी. दोघं दारातच चपला काढून उभी, आणि मंदाकिनीला हळू आवाजात विचारतात, काकांना नक्की काय निघालंय? तिचे ठोके वाढले. पुढे मंडईत मी कोथिंबिरीची जुडी सांगितल्या भावात मुकाट्याने घेतली, तर आमची नेहमीची भाजीवाली कांताबाई म्हणाली, “काका, बरं न्हाई का? घरी सोडाया कुणाला लावून देऊ का?” मंदाकिनी शेजारीच उभी होती. ठोके पुन्हा वाढले. वल्लरीचा फोन आला, “बाबा, व्हॉट इज गोइंग ऑन? आईचा हार्ट रेट बघितलास का?” मी सांगितलं की प्रयोग प्राथमिक अवस्थेत आहे, एवढ्यात निष्कर्ष काढू नये.

आणि मग आपला तो रविवार. पुढच्या खोलीत तुम्ही होतातच, पण आत काय झालं ते तुम्हाला माहीत नाही. नेहमीप्रमाणे चहाबरोबर तुम्ही आमच्या लग्नाचा विषय काढलात. शेवटच्या पंगतीत मुलीकडच्यांचा मठ्ठा संपला होता, हे माझं म्हणणं. (माझी वाटी रिकामी होती. नवरदेवाची वाटी!) संपला नव्हता, पातेलं अर्धं भरलेलं होतं, मागितला असता तर वाढला असता, हे तुमचं. या विषयावर आपण हयात घालवली, आणि त्याचं मला मुळीच वाईट वाटत नाही. पण त्या दिवशी मंदाकिनीच्या हृदयाला स्मरून मी म्हणालो, श्रीनिवासराव, तुमचंच बरोबर, मठ्ठा संपला नव्हता. तुम्ही बशी तोंडाशी तशीच धरून माझ्याकडे पाहत राहिलात. आतून पातेलं पडल्याचा आवाज आला तो स्वयंपाकाला येणाऱ्या मथुराबाईंनी पाडलं म्हणून नव्हे, तर मंदाकिनीच्या हातून ते सुटलं म्हणून. मी धावत गेलो तर ती ओट्याला धरून उभी, चेहरा पांढराफटक, आणि मला विचारते, “अहो, डॉक्टरांनी माझ्याबद्दल तुम्हाला आणखी काय सांगितलंय? माझ्यापासून काय लपवताय?” घड्याळाकडे तर बघवत नव्हतं. तिला बसवलं, पाणी दिलं, रिपोर्टच्या सगळ्या ओळी तिच्यासमोर वाचल्या, तेव्हा कुठे श्वास जागेवर आला.

यावरून मी जो निष्कर्ष काढला तो कुणीही काढला असता. तुम्ही आलात की मठ्ठा येतो, मठ्ठा आला की ठोके वाढतात. सबब तुमचं येणं बंद. यात व्यक्तिगत काही नाही. आता घरात संपूर्ण शांतता आहे, सगळं माझ्या ताब्यात आहे, आणि काळजीचं अजिबात कारण नाही. कळावे, लोभ आहे तेवढा असू द्यावा.

आपला,
अच्युत

ता. क. वर संपूर्ण शांतता आहे असं लिहिलं, ते खरं आहे. ठोके मात्र उतरलेले नाहीत. दुपारी ती आडवी होते तेव्हा तर जास्तच असतात, आणि तेव्हा घरात टाचणी पडली तरी ऐकू येईल. पुन्हा तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, औषध काम करतंय, पावलांची सूज उतरली, जिनाही चढतायत, मग दुपारचेच ठोके का वाढतात? मी घाईघाईने पुढच्या तपासणीची तारीख विचारली. (हे कुठे बोलू नका.)

दुसरा ता. क. पत्र पाकिटात घालायचं राहून गेलं, तोवर मंगळवारी दुपारी गॅस सिलिंडरवाल्याने फोनवर मला घरी कुणी नव्हतं म्हणून परत गेलो असं सांगितलं. घरी कुणी नव्हतं! मी दाराशी खुर्ची टाकून बसलेला! माझं भान सुटलं. गॅलरीत उभा राहून मनसोक्त बोललो, समोरच्या इमारतीतले लोक बाहेर आले. मग एकदम मंदाकिनीची आठवण होऊन धावत आत आलो, तर ती गाढ झोपलेली, चक्क घोरत होती, आणि ठोके आजवर पाहिले नव्हते इतके खाली. शास्त्रात नवा पुरावा आला की मत बदलावं लागतं. तेव्हा येत्या रविवारी दुपारी यावं. येताना तोंडाला तीच जुनी धार असू द्या. मठ्ठा संपला नव्हता असं मी त्या दिवशी म्हणालो, ते मी या पत्राद्वारे लेखी मागे घेत आहे. मठ्ठा संपला होता. ही विनंती समजावी. श्रीनिवासराव, खरंच या.

तिसरा ता. क. (मंदाकिनीच्या हातचा)

दादा, पाकीट मी चिकटवते असं ह्यांना सांगितलंय, म्हणून एवढं लिहिते. मी बरी आहे. दुपारी मी डोळे मिटले की हे पाऊल न वाजवता येतात, माझ्या नाकाशी हात धरून श्वास चालू आहे का बघतात, मग घड्याळावर वाकून तसेच उभे राहतात. ह्यांना वाटतं मी झोपले आहे. समोर माणूस असा उभा असताना कुणाला झोप येईल रे? आणि हात इतके गार असतात, की वाटतं उठून आपणच ह्यांना गोळी द्यावी. डॉक्टरांच्या त्या हवालदाराने माझ्यापेक्षा ह्यांनाच जास्त पळवलंय. गॅसवाल्यावर ओरडताना ह्यांचा आवाज ऐकला तेव्हा म्हटलं, चला, हे ठीक आहेत, आणि मला झोप लागली.

म्हणून तू नक्की ये, आणि मुळीच माघार घेऊ नकोस. मठ्ठा संपला होता की नव्हता, ते मला पक्कं माहीत आहे. त्या पातेल्यात मी स्वतः डोकावले होते. पण ते सांगायची मला काही घाई नाही.