मांडे, बोरगावच्या चिमाचे

माघ शु. ७, मंगळवार
मुलींच्या शाळेत चौथीचा वर्ग नाही. गोदी तिसरीत. वर्ग निघाला नाही तर माझी लेक माझ्यासारखीच तिसरी शिकून मागाजवळ कांड्या भरत बसणार. शाळेच्या बाईंनी युक्ती काढलीय. आमच्या शहापुरातल्या बायकांच्या हातचे पदार्थ लिहून काढायचे, पुस्तक छापायचं, चैत्रातल्या हळदीकुंकवाला विकायचं. लिहायचं काम माझ्या गळ्यात, अक्षर बरं म्हणून. मनातून आवडलं, खोटं कशाला लिहू.

माघ शु. ११, शनिवार
शेजारच्या गंगाआक्काची शेंगाचटणी. "मीठ किती?" "लागंल तेवढं." "तिखट?" "दिसंल तेवढं." "कुणाला दिसंल?" "करणारणीला की गं!" डोकं फिरलं. शेवटी तिला करायलाच बसवलं. मूठ भरली की तिचा हात धरायचा, मापट्यात ओतायचं, लिहायचं. चटणी फक्कड. निम्मी मीच खाल्ली.

माघ व. २, शुक्रवार
जी ती एकच विचारते, तुझ्या सासूचे मांडे हायत का पुस्तकात? आत्याबाई म्हणजे आमच्या सासूबाई, पुढं नुसतं आ.बा. लिहिते. लग्नाघरी मांडे करायला जातात, न्यायला दारात बैलगाडी येते. आज धीर करून विचारलं. मांड्यांचं खापर पुसत होत्या.
"लिहून दिल्यावर मला कोण बोलवतंय गं? सांग की."
ह्यांच्या कानावर घातलं तर मागावरून न उठता म्हणतात, "तुमच्यात मला ओढू नका." बरं!

माघ व. ९, शुक्रवार
गोदी पाढे म्हणत होती. आ.बा. ऐकत बसल्या होत्या. एकोणतीसचा पाढा न अडखळता झाला आणि एकाएकी म्हणाल्या, "घे गं दौत."
सगळं सांगितलं. रवा किती भिजवायचा, कणीक कोपरापर्यंत कशी लोंबली पाहिजे, उपड्या खापरावर कशी टाकायची, गरम आहे तोवर साखर पेरून घडी. मग अट. "नाव माझं माह्यारचं घाल. आईनं चिमाला शिकवलं, लक्ष्मीला न्हाय."
लक्ष्मी हे सासरचं. पंधरा वर्षं एका चुलीवर रांधतोय आम्ही, मला चिमा ठाऊकच नव्हती. लाज वाटली.

फाल्गुन शु. ५, मंगळवार
शिळाछापाचा पिवळा कागद, तेलकट शाई, मी लिहीन तसंच दगडावर उमटणार. एक अक्षर चुकलं की अख्खं पान परत. हात आखडला. मांड्यांचं पान मात्र एका बैठकीत. खाली, "चिमा, बोरगाव."
आ.बा.ना वाचता येत नाही. नावावर बोट ठेवून दाखवलं.
"एवढंसंच?"
"नावच एवढं हाय की हो."
"असू दे. झ्याक दिसतंय."

चैत्र व. २, सोमवार
गठ्ठा संपला! नणदांना, विहिणींना, कुठं कुठं गेली पुस्तकं. बाईंनी चौथीसाठी वर अर्ज केलाय. आ.बा.नी त्यांची प्रत तांदळाच्या डब्यात ठेवलीय. कोण आलं की काढतात, गोदीला ते पान वाचायला लावतात. भोपळ्याच्या घारग्यांचं पान कधी ऐकलं नाही हो त्यांनी!

वैशाख शु. ३, बुधवार
गंगाआक्काच्या थोरल्याचं लग्न. आ.बा.ना बोलावणं जेवायचं, मांडे करायचं नाही. "पुस्तक हाय की आता. म्हातारीला कशाला तरास?" मांडे पापडासारखे कडक. आ.बा. खाऊन म्हणाल्या, "ग्वाड हायत." घरी येऊन खापर माळ्यावर टाकलं.
बाहेरगावचंही बोलावणं नाही यंदा. ऐन वैशाखात. त्या म्हणाल्या होत्या तसंच झालं. माझ्यामुळं. चुलीपुढं बसून रडले.

वैशाख व. ४, शुक्रवार
सकाळी गल्लीत गाडी. मच्छे गावचा माणूस, हातात आपलं पुस्तक, दारोदार विचारतोय, "चिमा कुठं ऱ्हाती?"
गंगाआक्का पायरीवरून, "चिमा-बिमा कोण न्हाय हितं. परवा लोंढ्यास्नं एकजण आलता, त्याला बी हेच सांगिटलं."
गाडी वळायला लागली. मी भाकरी तव्यावर टाकून उठते न उठते तोवर गोदी धावली. "अवो थांबा! चिमा म्हंजे माझी आज्जी!"
"पुस्तकात बघून केलते," तो म्हणाला, "सगळे फाटले. उद्या लगीन हाय. चला की, आक्का."
मी गंगाआक्काकडं बघितलं, तिनं जीभ चावली. तिलाही लक्ष्मीच ठाऊक. किती गाड्या माघारी गेल्या कुणास ठाऊक. तव्यावरची भाकरी करपली ती करपलीच.
आ.बा. पदर खोचत म्हणाल्या, "खापर काढ गं माळ्यावरचं." गोदीलाही गाडीत घेतलं.

वैशाख व. ९, बुधवार
दोघी परवा आल्या. गोदीच्या मनगटावर खापराचा चटका, तोच सगळ्यांना दाखवत हिंडतेय. पुस्तक परत छापायचं असा बाईंचा निरोप. चौथीचं उत्तर अजून आलेलं नाही.
आ.बा. खसखस निवडत होत्या. म्हटलं, "आता नवीन पान लिहायचंच हाय. लक्ष्मी घालू? शहापूर, गल्लीचं नाव? लोकं माघारी जातात."
खसखशीतला एक खडा उचलून बाहेर टाकला.
"चिमाच ऱ्हाऊ दे. हुडकत येऊ देत."
ह्यांना पिवळा कागद आणायला सांगितलाय.