तिच्या हातची गाठ

३ जुलै २००६
रॉटरडॅम एकदम झकास! नवी सायकल घेतली आणि लगेच कालव्याच्या काठावर सपशेल आपटलो. फोनवर सांगितलं तर सुहासिनी पोट धरून हसली. तिला सातवा महिना आहे, म्हणून मीच तिला हसू नकोस म्हणालो. आई-बाबा गेल्यावर तिला मीच वाढवलं. ऑक्टोबरात नाशिकला, बारशाला हजर राहायचं कबूल केलंय.

काम मजेचं आहे. म्युझियममधल्या मातीच्या पाट्यांचे फोटो काढून कॉम्प्युटरवर चढवायचे. आजची पाटी तळहाताएवढी, एका राजाने दुसऱ्याला धाडलेलं पत्र. ती लिपी वाचणाऱ्या हॅनेकेबाईंनी मजकूर सांगितला. आपल्या जुन्या पत्रांसारखीच आधी खुशाली, तीही घोड्यांसकट! या राजाने आपली बहीण त्या राजाला दिली होती. ती कशी आहे, एवढंच त्याला विचारायचंय. मागची बाजू कोरी.

१८ जुलै
चार दिवस सुहास फोनवर येत नाही. राजनराव म्हणाले, डॉक्टरांनी सक्त विश्रांती सांगितलीय, बोलायचंही नाही. नवऱ्याला काळजी असणारच. मीच उगाच जीव टांगणीला लावून बसलोय.

२ ऑगस्ट
पाटीचा फोटो पुन्हा काढला. खाली एक ओळ जास्त दिसली. हॅनेकेबाईंच्या मते माझा प्रकाश सुधारला असावा. ओळ अशी : बहिणीच्या नावाने तू कंबरपट्टा पाठवलास, पण त्याची गाठ तिच्या हातची नाही.

८ ऑगस्ट
राखी आली. पाकिटावर अक्षर राजनरावांच्या बहिणीचं, वासंतीचं. सुहास दरवर्षी स्वतः रेशमाची राखी करते आणि टोकाला तीन गाठी मारते. लहानपणी मी राख्या हरवायचो, म्हणून. या राखीला एकच गाठ आहे, नीटनेटकी.
फोन केला. राजनराव म्हणाले, पडल्यापडल्या केली, हात थरथरत होता.
थरथरत्या हाताची गाठ अशी असते?

९ ऑगस्ट, राखीपौर्णिमा
तिला फोनवर नुसतं दादा म्हणू दे, असा राजनरावांकडे हट्ट धरला. पलीकडून कुणीतरी दादा म्हणालं.
वासंती होती.
मी तिला ओळखलं आणि मूर्खासारखा सायकलबद्दल बोलत राहिलो. फोन ठेववेना.

१० ऑगस्ट
आणखी एक ओळ. माझ्या दूतासमोर तू दुसरीच बाई उभी केलीस.
हॅनेकेबाई वीस वर्षं ही पाटी वाचताहेत. ही ओळ तिच्यावर नव्हती, म्हणाल्या. मला घरी जायला सांगितलं.

११ ऑगस्ट
नाशिकच्या माझ्या मित्राला, गुरुनाथला, तिच्या घरी पाठवलं. भिंतीवर फोटो आहे. हार घातलेला.
१५ जुलै. बाळही गेलं —
सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. परदेशात एकटा आहे, आला की सांगू. माझ्यावरच्या मायेपोटी. सत्तावीस दिवस मी तिची खुशाली विचारतोय. शेवटचं तोंडही पाहू दिलं नाही.

१२ ऑगस्ट
म्युझियममध्ये आलो. घरी बसवेना. पाटीची मागची बाजू ओली आहे. मऊ. तीत दोऱ्याचा ठसा — तीन गाठी.
राखी मनगटावर आहे. गाठ एकच होती. आता —
दोन.
मी मारली नाही. खोलीत कुणी नाही. डाव्या हाताने लिहितोय, उजवा कुणीतरी धरलाय. थंड बोटं, माती लागलेली.
सुहास, तिसरी मार. मी हात हलवत नाही. घाई नाही. फक्त सांग, जाताना तू मला हाक मारलीस का —