सहाव्या बोल्टचं डोकं

प्रिय मामू,

काल सहावा बोल्ट निघाला. म्हणून लिहायला बसलो, नाहीतर तुला पत्र लिहावं इतका माझा राग अजून निवलेला नाही. नववीनंतर अर्जाशिवाय मी काही लिहिलेलं नाही, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका काढू नकोस.

तू गेल्याला महिना होऊन गेला. अबू फहदची ती जुनी अमेरिकन गाडी अजून आपल्या अर्दियातल्या गॅरेजात बॉनेट उघडं टाकून उभी आहे. त्याच्या वडिलांची गाडी. रुमैथियातल्या त्यांच्या घराबाहेर वर्षानुवर्षं समुद्राचा खारा वारा खात उभी राहिलेली. सायलेन्सरचा पाइप इंजिनाला जोडणारे आठ बोल्ट इतके गंजलेले की बोल्ट कुठे संपतो आणि इंजिन कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं.

तुझी पद्धत मला पाठ आहे. बोल्ट तापवायचा, मेणबत्ती टेकवायची, मेण आट्यात उतरलं की पाना लावायचा आणि आधी केसभर घट्ट करायचा. मग सैल. "गंजलेला बोल्ट म्हणजे रुसलेला सासरा," तू म्हणायचास. "आधी त्याचंच खरं म्हणायचं. मग तो ऐकतो."

मेणबत्तीवरून आठवलं. एकदा तू मला कोपऱ्यावरच्या किराणा बकाल्यात मेणबत्ती आणायला पाठवलंस आणि मी वाटेत कुणाची तरी गाडी क्रेनवर चढताना बघत राहिलो, तिथून मासळी बघायला गेलो आणि दोन तासांनी एक पापलेट घेऊन परत आलो. तू म्हणालास, "हे टेकव आता बोल्टला." सगळं गॅरेज हसलं. मीही हसलो. म्हणून सांगतो, तुझं चारचौघांत बोलणं मला कधी लागलं नाही. त्या गुरुवारचंच लागलं.

अबू फहद खुर्चीवर बसून चहा पीत होता. पाच बोल्ट तू स्वतः काढले होतेस. मग हात पुसलेस आणि मला हाक मारलीस, "इरफान, सहावा तू काढ." मला काय वाटलं असेल? गोव्यातलं हॉटेल सोडलं, शारजातलं गोडाऊन सोडलं, कुठे सहा महिने टिकलो नाही. आणि माझा मामू गाडीच्या मालकासमोर मला पाना देतोय!

मी पाना लावला, केसभर घट्ट करायला गेलो आणि बोल्टचं डोकं पान्यात निघून आलं.

आणि तू ओरडलास. "मेल्या, किती वेळा सांगितलं? पस्तीस वर्षांत माझ्या हातून बोल्ट तुटला नाही, आणि तू..." ते डोकं माझ्या हातातून ओढून घेतलंस आणि खिशात टाकलंस. अबू फहदने नुसती मान हलवली. "उस्ताद, इसको गाडी को हात नई लगाने देना."

मामू, बोल्ट तुटण्याआधी हाताला सांगतो. एक क्षण मऊ लागतो, च्युइंगमसारखा. हे तूच शिकवलंस मला. तो मऊ लागलाच नव्हता. मी तेच सांगायला तोंड उघडलं, तर तू म्हणालास, "तोंड मिट." मी पाना टाकला आणि अहमदीला माझ्या दोस्ताच्या, समीरच्या खोलीवर निघून गेलो.

तुझे दोन फोन आले. दोन्ही कापले. तिसऱ्या शुक्रवारी शाजीचा आला. आपला केरळचा वेल्डर कधी रडताना ऐकला नव्हता मी. नमाजाला निघताना जिन्यातच बसलास म्हणे, तो उठलाच नाहीस. अम्मीने आपल्या भावाची माती रत्नागिरीत बसून माझ्या व्हिडिओ कॉलवर पाहिली.

गाडी अर्धी सोडून गेलास. लोक म्हणाले, उस्तादचं शेवटचं काम भाच्याने पुरं करावं. काल शाजी त्या तुटक्या बोल्टवर नट वेल्ड करणार होता. आधी मी तारेच्या ब्रशने तोंड साफ केलं. तुटलेल्या तोंडावर नुसतं लोखंड दिसायला हवं ना? हे आतून लाल गंजलेलं होतं. आणि त्यावर करडं लुकण. डोकं चिकटवलेलं होतं!

शाजीकडे पाहिलं. तो खाली बघायला लागला.

"किसने चिपकाया?"

"उस्ताद ने. उस गुरुवार के पहले, तुम बाहर काम पे गया था तब टूटा. बोला, किसी को मत बोलना."

म्हणजे तुला माहीत होतं. तू मला हाक मारलीस तेव्हाच. पाना देताना माझ्याकडे बघवलं तुला? पस्तीस वर्षांचं नाव एका बोल्टने गेलं असतं का? आणि जाणारच होतं तर माझं गेलेलं कसं चाललं तुला? माझं नाव आधीच स्वस्त होतं म्हणून?

नट वेल्ड झाला, मेण लावलं, आधी घट्ट, मग सैल. रडत रडत निघाला सहावा. बोल्ट म्हणतोय मी.

आज सकाळी अबू फहदला फोन केला. म्हटलं, बोल्ट मैंने नहीं तोडा, उस्ताद ने तोडा था. तुझं नाव जाणार होतं. जाऊ दे, म्हटलं.

तो म्हणाला, "मालूम. उस्ताद इधर घर आया था. दरवाजे पे खडा रहा, अंदर नई आया. सब बोला. बोला, बच्चे को भी बोलना है, वो फोन नई उठाता."

मी फोन ठेवला आणि तुला इतक्या शिव्या दिल्या की शाजी वेल्डिंग थांबवून बाहेर गेला. अम्मीला रोज पाच-पाच मिनिटांच्या व्हॉइस नोट पाठवायचास. मला एक वाक्य पाठवता आलं नाही? रुमैथियाला गेलास तसा अहमदीला आला असतास. मालकाच्या दारात उभा राहिलास, भाच्याच्या दारात यायला काय झालं होतं?

आणि मी तरी? दोन फोन. त्यातला एक मी समीरला दाखवून, हसत कापला होता. हे कुणाला सांगितलं नव्हतं.

सातवा आणि आठवा अजून बाकी आहेत. एखादा तुटेल, मामू. माझ्या हातून तुटायचाच. तुटला तर त्याच मिनिटाला पाना खाली ठेवून अबू फहदला फोन लावीन आणि सांगेन, मी तोडला. डोकं त्याच्या हातात देईन. एवढं नक्की.

माफ केलं असं लिहिणार नाही. अजून केलेलं नाही.

तुझाच भाचा,
इरफान